क्षयरोग्याचे वेगळे ताट

मा. संपादक,

सादर नमस्कार.

गेले काही दिवस आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर क्षयरुग्ण शोधमोहिमेच्या बातम्या येत आहेत. 'तालुक्यात क्षयरोगाचे संशयित सापडले', 'गावात क्षयरोगाचा शिरकाव', 'उपचार सोडून पळालेल्यांचा शोध सुरू' अशा धर्तीचे मथळे या बातम्यांना असतात. मोहिमेला प्रसिद्धी मिळावी आणि लोकांनी तपासणीसाठी पुढे यावे, हाच त्यामागचा हेतू आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु तीस वर्षांहून अधिक काळ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवलेला आणि एका क्षयरोग्याच्या घरात लहानाचा मोठा झालेला माणूस म्हणून या मथळ्यांतले शब्द मला टोचतात. ते का टोचतात, हे नीट सांगावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर खुशाल करावी. ताटाची हकीकत मात्र ठेवावी, एवढी विनंती.

आमचे गाव बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातले. घर माळवदाचे, दारातून आत शिरताच ढाळज, म्हणजे दाराजवळची छपराखालची बसायची जागा, आणि ढाळजेच्या डाव्या भिंतीत एक देवळी. 1978 च्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या चुलतीला, जिला आम्ही सगळी भावंडे मोठीमाय म्हणत असू, क्षय असल्याचे निदान झाले. त्याच दिवशी संध्याकाळी आजीने एक जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, ताट आणि एक जर्मनचा तांब्या बाजूला काढला, ताटाच्या कडेवर खिळ्याने फुली ओढली आणि दोन्ही वस्तू त्या देवळीत ठेवून दिल्या. तेव्हापासून मोठीमाय ढाळजेतच झोपू लागली आणि तिथेच जेवू लागली. आजी भाकरी वरून सोडायची आणि कोरड्यास वाढताना पळी ताटाच्या वीतभर वर धरायची, त्यामुळे थेंब उडून मोठीमायच्या लुगड्यावर पडायचे. ती काही बोलत नसे. जेवण झाले की आपले ताट आपणच राखेने घासून पुन्हा देवळीत ठेवत असे.

आजी निर्दय होती, असे कोणी समजू नये. गळ्यात तुळशीची माळ घालणारी ती बाई डॉक्टरांनी सांगितले म्हणून शेजारून अंडी मागून आणायची, चुलीच्या मागे उकडायची आणि सोलून सुनेला खाऊ घालायची. सुई टोचून आणण्यासाठी तिने दोन महिने रोज बैलगाडी जुंपायला लावली. सुनेसाठी तिने माळेचा नेम मोडला, पण पळी वीतभर खाली आणणे तिच्याच्याने झाले नाही. वर्गात मुलांना 'वृत्ती' आणि 'पूर्वग्रह' या संकल्पना शिकवताना मला पुस्तकातल्या व्याख्येआधी ती पळी दिसत असे.

त्या देवळीत आणखी एक वस्तू होती आणि ती मोठीमायच्या ताटाच्या कितीतरी आधीपासून होती: कान तुटलेला एक कप. आमच्या सालगड्याचा. गावकुसाबाहेरच्या वस्तीतून पहाटे येऊन दिवसभर आमच्या शेतात राबणारा तो माणूस ढाळजेच्या पायरीवर बसून त्या कपात चहा पीत असे आणि कप स्वतः विसळून परत देवळीत ठेवत असे. लहानपणी आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही, हे आज लिहिताना मान खाली जाते. आजाराची बातमी घरात आली तेव्हा आजीला काय करायचे हे कोणी सांगावे लागले नाही, कारण माणसाला वेगळे काढण्याची रीत घरात आधीच तयार होती. जागाही ठरलेली होती आणि भांडीही. जंतू, फुप्फुस, थुंकी यांतले काहीही तिला माहीत नव्हते. तिला विटाळ माहीत होता. नवा आजार त्या जुन्या कल्पनेच्या खणात जाऊन बसला. आपल्याकडे क्षयाला, कुष्ठाला, एचआयव्हीला मिळणारी वागणूक इतकी सारखी का, हे मला त्या देवळीवरून समजले.

दीड वर्षाने औषधे संपली. डॉक्टरांनी आजार बरा झाल्याचे सांगितले. ताट तिथेच राहिले. मोठीमाय पुढे सुमारे पंचवीस वर्षे जगली, शेतात खुरपायला गेली, आषाढीला पंढरपूरला चालत गेली, पण त्या ताटाखेरीज दुसऱ्या ताटात जेवली नाही. आजी वारल्यानंतर माझ्या आईने तिला स्वयंपाकघरात आपल्याजवळ बसवायचा प्रयत्न केला, तेव्हा 'राहू दे, मला हितंच बरं वाटतंय' म्हणून ती ढाळजेत जाऊन बसली. 1986 साली माझ्या मुलीचे बारसे झाले. सगळ्या बायकांनी बाळाला मांडीवर घेतले; मोठीमायने दुरूनच आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटे मोडली आणि डोळे पुसले. इतरांनी तिच्याविषयी धरलेला समज तिने स्वतःविषयी खरा मानला होता. पूर्वग्रहाचा हा परिणाम मोजायला दवाखान्यात कोणतेही यंत्र नसते.

आता यातले शास्त्र काय ते सांगतो. क्षयरोगाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी जगापुढे मांडला, म्हणून हा दिवस जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो. फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकतो, शिंकतो, तेव्हा जंतू हवेत जातात आणि कोंदट, अंधाऱ्या खोलीत रेंगाळतात. ताट, तांब्या, कपडे, अंथरूण यांतून हा आजार पसरत नाही. योग्य औषधे सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच बहुतेक रुग्णांपासून लागण होण्याची शक्यता अगदी कमी होते. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयात मात्र जास्त काळ काळजी घ्यावी लागते. म्हणजे मोठीमायसाठी ताट वेगळे करण्याची एकाही दिवसाची गरज नव्हती. गरज होती ती ढाळजेला एक खिडकी पाडण्याची, तोंडाला पदर लावण्याची आणि औषधात खंड न पडू देण्याची. आम्ही तिला ठेवले ते घरातल्या सर्वांत अंधाऱ्या जागी, जिथून सगळे घर दिवसातून वीस वेळा ये-जा करत होते. जे केले त्याने कोणाचेही रक्षण झाले नाही, उलट जंतूची सोय झाली.

ही माहिती तेव्हा जगाला नव्हती, असेही म्हणता येत नाही. 1956 साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या संशोधन केंद्राने क्षयरुग्णांचे दोन गट केले होते. एका गटावर सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयरोग्यांच्या खास रुग्णालयात, चांगला आहार आणि विश्रांती देऊन उपचार झाले; दुसऱ्या गटावर शहरातल्या दाटीवाटीच्या गरीब वस्तीत, त्यांच्या स्वतःच्या घरी. औषधे दोघांनाही तीच. घरी राहिलेले रुग्णही जवळपास तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरातल्या माणसांना त्यामुळे जास्त लागण झाली नाही. 1959 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर सॅनेटोरियमे बंद होण्याला त्यांनी मोठा जोर दिला. आपल्या देशातल्या या कामाने जगाची उपचारपद्धती बदलली, पण एकोणीस वर्षांनंतरही ते ज्ञान केज तालुक्यातल्या एका ढाळजेपर्यंत आले नव्हते. आणि खरे सांगायचे तर, ते आले असते तरी पळी खाली आली असती का, याची मला खात्री वाटत नाही.

कारण मी स्वतः ते ज्ञान घरी नेले होते. औरंगाबादला एम.ए. करून परतल्यावर मोठ्या उत्साहाने मी आजीला समजावून सांगितले, की भांड्यांतून क्षय पसरत नाही, आता तर मोठीमाय पूर्ण बरी झाली आहे, हे ताट काढून टाक. आजीने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मंग इतके दिस म्या पाप केलं म्हन की?" मला उत्तर सुचले नाही. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने 1957 मध्ये मांडलेला सिद्धान्त असा, की आपली समजूत आणि आपली कृती यांत विसंगती आली की माणूस अस्वस्थ होतो आणि बहुधा कृती चुकली असे मानण्याऐवजी समजुतीलाच घट्ट धरून बसतो. हा सिद्धान्त मी परीक्षेत छान लिहिला होता. आजीच्या प्रश्नात तो समोर उभा होता, तरी मला ओळखता आला नाही. ताट काढून टाकायचे म्हणजे आपण लाडक्या सुनेला विनाकारण दुरावले, हे मान्य करायचे. मी तिला माहिती दिली, पण त्या अपराधातून बाहेर पडायची वाट दिली नाही. 'तेव्हा कोणालाच माहीत नव्हते, तू तिच्या जिवासाठीच केलेस, आता डॉक्टरांनी नवीन सांगितले आहे' एवढे मी म्हणालो असतो, तर कदाचित ते ताट पंचवीस वर्षे टिकले नसते. हे शल्य माझे आहे आणि ते मला आजही सोडत नाही.

हे सारे जुने झाले, आता लोक शिकलेले आहेत, असे कोणी म्हणेल. लोक तोंडाने काय म्हणतात आणि हाताने काय करतात यांत किती अंतर असू शकते, हे दाखवणारा एक जुना अभ्यास आहे. रिचर्ड लापिएर हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ 1930 च्या सुमारास एका तरुण चिनी जोडप्यासोबत देशभर फिरले. चिनी लोकांविषयी तिथे तेव्हा तीव्र आकस होता. तरी 251 हॉटेले आणि खाणावळींपैकी केवळ एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर त्याच ठिकाणी पत्रे पाठवून 'आपण चिनी गिऱ्हाईक घ्याल का' असे विचारले, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी शंभरातल्या नव्वदांहून अधिकांनी 'नाही' लिहिले. क्षयरोगाच्या बाबतीत मला आपल्याकडे याच्या अगदी उलट चित्र दिसते. सर्वेक्षणाला आलेल्या आशाताईंना सगळे सांगतात की आम्ही भेदभाव मानत नाही. घरात मात्र पाण्याची बाटली वेगळी असते, टॉवेल वेगळा असतो आणि सोयरीक जमवताना मुलीच्या आजाराचा विषय निघू नये म्हणून औषधाच्या गोळ्यांचे रिकामे पाकीट उकिरड्यावरही टाकले जात नाही, चुलीत जाते. म्हणून नुसत्या प्रश्नावल्या भरून पूर्वग्रह कमी झाला असे समजणे मला धोक्याचे वाटते. वागणूक बघायची तर पाण्याच्या माठाजवळ उभे राहून बघावी.

लपवण्याची किंमत आजाराने चुकवावी लागते, हे आपल्या बीड-धाराशिव भागातल्या ऊसतोडीइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नसेल. दसऱ्यानंतर टोळ्या निघतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. हंगामही साधारण तेवढाच. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. जोडीतल्या एकाला क्षय आहे असे मुकादमाच्या कानावर गेले तर उचल मिळणार नाही, ही भीती इतकी खरी असते की माणूस खोकला दाबून गाडीत बसतो. तिकडे उसाच्या फडाजवळच्या कोपीत, पाचटाच्या छपराखाली, चार-पाच माणसे एकत्र झोपतात. 'निक्षय' या क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदप्रणालीत नोंद असलेल्या रुग्णाचा उपचार दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करता येतो आणि औषध तिथल्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, सोय आहे. पण त्या सोयीसाठी आधी तोंड उघडावे लागते आणि तोंड उघडण्याची शिक्षा त्याला आधीच ठाऊक असते. मग गोळ्या सुटतात, जंतू औषधाला सरावतो. सरकारी कागदावर अशा माणसाची नोंद इंग्रजी रिवाजाप्रमाणे बरीच वर्षे 'डिफॉल्टर' अशी होत असे.

या शब्दापाशी मला थांबावेसे वाटते. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला 'डिफॉल्टर' हा शब्द बँकेने शिकवला आहे. थकबाकीदारांच्या यादीत नाव लागणे म्हणजे काय, हे इथल्या घराघराला माहीत आहे. त्या यादीच्या धास्तीने काय काय झाले, तेही आपण सर्व जाणतो. कर्ज बुडवणाऱ्याला लावलेला तोच शब्द फडावर खोकणाऱ्या माणसाला लावला गेला. 'संशयित' हा शब्द पोलिसांच्या बातमीतला, 'सापडला' हाही तिथलाच आणि 'शिरकाव' शत्रूचा किंवा बिबट्याचा. हे सगळे शब्द एका बातमीत आले की वाचणाऱ्याच्या मनात आजारी माणसाविषयी जे चित्र उभे राहते, त्यात तो आरोपी असतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये आपल्या व्याख्या सुधारताना 'संशयित' आणि 'डिफॉल्टर' या अर्थाचे इंग्रजी शब्द याच कारणाने काढून टाकले. आपणही 'तपासणीची गरज असलेले', 'निदान झालेले', 'उपचारात खंड पडलेले' असे लिहू शकतो. मथळा दोन शब्दांनी लांबेल, हे मान्य. पण चावडीवर आपला अंक मोठ्याने वाचला जातो आणि त्या वेळी ज्याच्या घरात आजार आहे तो माणूसही तिथे बसलेला असतो.

भीतीविषयीही लिहिले पाहिजे. आपल्याकडे आरोग्याची भित्तिपत्रके अजूनही कवट्या, हाडे आणि रक्त यांनी रंगवली जातात. घाबरवले की लोक सुधारतात, ही समजूत फार खोलवर रुजली आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात 1965 मध्ये हॉवर्ड लेव्हेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धनुर्वाताच्या लशीसंबंधी विद्यार्थ्यांना माहितीपत्रके वाटली. काहींत भीती जास्त होती, काहींत कमी. भीतीने मुलांची मते बदलली, लस घ्यायला हवी असे ती म्हणू लागली, पण उठून लस घ्यायला गेली ती शंभरातली तिघेच. ज्यांना दवाखान्याची जागा दाखवणारा नकाशा दिला आणि 'तुमच्या दिवसात कधी जाल' हे ठरवायला सांगितले, त्यांच्यातली मात्र शंभरात 28 गेली. दवाखाना कुठे आहे हे पहिल्यांनाही माहीतच होते! पुढे अनेक अभ्यासांतून हेच निघाले, की भीतीबरोबर हातात ठोस वाट दिली तर तिचा उपयोग होतो आणि वाट न देता नुसती भीती दिली तर माणूस विषयच टाळतो. म्हणून कवटीच्या जागी एवढेच लिहावे: दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर अमुक वारी, अमुक वेळेत, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या अमुक खोलीत बेडका द्या, तपासणी आणि औषध फुकट आहे, सहा महिन्यांत आजार बरा होतो. आपल्या दैनिकाने आठवड्यातून एकदा तालुकानिहाय अशी चौकट छापली, तर ती दहा अग्रलेखांचे काम करील, असे माझे प्रांजळ मत आहे.

दुसरी गोष्ट, भाषणांची. कुर्त लेविन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी गृहिणींवर केलेला प्रयोग मी दर वर्षी शिकवत असे. मांसाची टंचाई होती आणि जनावराचे हृदय, गुर्दे वगैरे भाग घरात शिजवावेत असे सरकारला वाटत होते. बायकांना त्यांची किळस होती. काही गटांना तज्ज्ञाने उत्तम व्याख्यान दिले. काही गटांना आपसात बोलू दिले, अडचणी काढू दिल्या आणि शेवटी हात वर करून आपण काय करणार ते ठरवू दिले. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी शंभरात तिघींनी तो पदार्थ करून पाहिला, चर्चा केलेल्यांपैकी 32 जणींनी. आता आपल्या गावातला कार्यक्रम आठवा: मंडप, सत्कार, नारळ, तीन भाषणे, फोटो. याउलट महिन्याच्या हप्त्यासाठी बसलेल्या बचत गटात दहा-पंधरा बायका रिंगण करून बोलत असतात. तिथे आशाताईने विषय काढावा, 'आमच्या सासूबाई ऐकत नाहीत' इथपासून 'लेकरू पाजू की नको' इथपर्यंत सगळे बोलले जाऊ द्यावे आणि शेवटी आपल्या गल्लीत ताट वेगळे करायचे की नाही, हे त्याच बायकांनी ठरवावे. ज्याच्यासमोर शब्द दिला त्याच्यासमोर तो पाळावा लागतो, हे भिशी चालवणाऱ्या बायकांना मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने शिकवायची गरज नाही.

फोटोचा उल्लेख आलाच आहे, तर तेही सांगतो. क्षयरुग्णाला आहारासाठी केंद्र सरकार एप्रिल 2018 पासून महिन्याला 500 रुपये देत होते. नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले. सप्टेंबर 2022 पासून 'निक्षय मित्र' म्हणून कोणीही रुग्णाला पोषणाची टोपली देऊ शकतो. योजना चांगली आहे. ऑगस्ट 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या झारखंडमधल्या अभ्यासात तर असे दिसले, की रुग्णाच्या घरातल्या सर्वांना शिधा आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या तर त्या घरात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे 39 टक्क्यांनी कमी होते. तांदूळ आणि डाळ अशा साध्या वस्तूंनी हे घडले. आमच्या घराने ताट वेगळे केले. ते सगळ्यांचेच ताट भरायला हवे होते. पण या टोपल्या वाटल्या कशा जातात? आमच्या भागातल्या एका गावात रुग्णांना ओळीने उभे करून, हातात टोपली देऊन, शेजारी पाहुणे उभे राहून छायाचित्र काढले गेले आणि संध्याकाळपर्यंत ते गावाच्या व्हॉट्सॲप गटावर फिरले. त्या ओळीत माझ्या ओळखीच्या घरातली, लग्नाचे बोलणे सुरू असलेली एक मुलगी होती. पुढच्या महिन्यापासून तिने टोपली घेतली नाही आणि गोळ्या आणायला तिचा भाऊ दुसऱ्या तालुक्याला जाऊ लागला. मुलीच्या आईने मला एवढेच विचारले, "सर, फोटू काढल्याबगर डाळ शिजत न्हाई का?" क्षयरुग्णाची नोंद सरकारकडे करणे 2012 पासून बंधनकारक आहे आणि ते योग्यच आहे. ही नोंद सरकारसाठी आहे, गावासाठी नाही. टोपली आशाताईच्या पिशवीतून, इतर घरी जाते तशी, गुपचूप जावी. आणि आपल्याकडे असे छायाचित्र आले तर आपण ते छापू नये, ही माझी आपणांस हात जोडून विनंती आहे. देणाऱ्याचे नाव हवे तर छापा, घेणाऱ्याचा चेहरा नको.

मग लोकांना चेहरा दाखवायचाच नाही का? दाखवायचा, पण त्या माणसाच्या राजीखुशीने, तो बरा झाल्यावर आणि हातात टोपली न देता. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये लिहून ठेवले आहे, की दोन गटांतला आकस कमी व्हायचा तर त्यांनी बरोबरीच्या नात्याने, एखाद्या समान कामात, वडीलधाऱ्यांच्या किंवा संस्थेच्या पाठिंब्याने एकमेकांसोबत वावरले पाहिजे; नुसते समोरासमोर येऊन भागत नाही. आमचा सालगडी तर आमच्या घरात रोज येत होता. वीस वर्षांच्या त्या रोजच्या भेटीने कान तुटलेला कप हलला नाही, कारण भेट बरोबरीची नव्हती. तो पायरीवर होता आणि आम्ही ढाळजेत. तो कप हलला तो त्याचा मुलगा शिकून आमच्याच शाळेत मास्तर होऊन आला आणि माझे धाकटे चुलते त्याच्या हाताखाली शिपाई म्हणून लागले तेव्हा.

आपल्या मातीत या बरोबरीची एक रीत आहे आणि आरोग्य खात्याने तिच्याकडे आजवर पुरेसे पाहिलेले नाही, असे मला वाटते. मराठवाड्यात अखंड हरिनाम सप्ताह होत नाही असे गाव विरळा. शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन होते; सगळ्यांच्या शिदोऱ्या कृष्णाने एकत्र कालवल्या, ही त्यातली कथा, आणि तो काला एकाच भांड्यातून सगळ्यांच्या हातावर पडतो. पैठणला एकनाथांनी गावाने दूर ठेवलेल्यांना घरी बोलावून जेवू घातले, ही गोष्ट तर लहान पोरालाही पाठ असते. आणि नाथांची भारुडे ज्यांच्यासाठी लिहिली गेली त्यांच्याच बोलीत आहेत, हे लोकांना काही पटवून देऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावे. कीर्तनकार महाराजांनी उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या दुसऱ्या भागात, पाच मिनिटे क्षयाविषयी बोलावे, औषध पूर्ण केलेल्या आणि स्वतःहून तयार असलेल्या गावातल्याच माणसाने त्या दिवशी काला वाटावा, असे मी आमच्या गावच्या सप्ताह समितीला दोन वर्षे सांगत आहे. पहिल्या वर्षी 'बघू' म्हणाले. गेल्या वर्षी महाराज बोलले, पण काला वाटायला कोणी पुढे आले नाही. ज्यांनी आदल्या रात्री होकार दिला होता त्या गृहस्थांना घरच्यांनी येऊ दिले नाही. मला त्यांचा राग आला नाही. या वर्षी त्यांच्या जोडीला सरपंचबाई आणि मी असे तिघे वाटायला उभे राहू, असे ठरले आहे.

मोठीमाय 2004 साली गेली. दहाव्याला घर आवरताना देवळीतले ताट आईने माझ्या हाती दिले आणि काय करायचे ते तूच ठरव म्हणाली. ते माझ्या कपाटात आहे. कडेवरची फुली घासून घासून पुसट झाली आहे, तरी बोट फिरवले की लागते. आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही बचत गटाने, शाळेने किंवा सप्ताह समितीने बोलावले, तर ते ताट घेऊन येण्याची माझी तयारी आहे. प्रवासखर्च नको, भाषण नको, रिंगणात बसायला जागा द्यावी. आपल्या कार्यालयामार्फत निरोप आला तरी मला पोहोचेल.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राध्यापक
ता. केज, जि. बीड